नंबर प्लेटवरचा पत्ता

३ जुलै २०२५ रोजी बंगळूरच्या परिवहन खात्याने एका फेरारीच्या मालकाला नोटीस दिली. गाडी होती एसएफ ९० स्ट्रडाले, किंमत साडेसात कोटींच्या घरात. नंबर प्लेट महाराष्ट्राची. २०२३ मध्ये तिकडे नोंदणी करताना २० लाख रुपये कर भरलेला होता, कारण महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराला तेव्हा तेवढीच कमाल मर्यादा होती. कर्नाटकात अशी मर्यादा नाही. २० लाखांच्या वरच्या गाडीला किमतीच्या १८ टक्के आजीवन कर, वर उपकर वेगळा. खात्याने सांगितले, संध्याकाळपर्यंत कर भरा, नाहीतर गाडी जप्त होईल. मालकाने त्याच दिवशी भरला: १ कोटी ४१ लाख ५९ हजार ४१ रुपये.

ही बातमी वाचून बहुतेकांना बरे वाटले. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी याच खात्याने शहरात ३० महागड्या परराज्यातल्या गाड्या अडवल्या, तेव्हाही वाटले होते. हे बरे वाटणे जरा तपासून पाहण्यासारखे आहे. त्यात न्यायाची जाणीव किती आणि दुसऱ्याची फेरारी अडल्याचे सुख किती? दोन्ही भाग वेगळे करता आले, तरच मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तो प्रश्न असा: परदेशी बनावटीची गाडी स्वस्तात पदरात पाडून घ्यावी, कर वाचवावा, यात वाईट नेमके काय आहे? पैसे वाचवणे हा काही गुन्हा नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो. मग साडेसात कोटींची घासाघीस करणाऱ्याला अप्रामाणिक का म्हणायचे?

आधी हिशेब मांडू. परदेशातून आणलेल्या नव्या महागड्या गाडीवर मूळ सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून तिच्या किमतीच्या ११० टक्के भरावे लागतात. म्हणजे विमा आणि वाहतूक धरून एक कोटीची गाडी बंदरातच २ कोटी १० लाखांची होते. त्या वाढलेल्या रकमेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८४ लाख. झाले २ कोटी ९४ लाख. त्यावर कर्नाटकाचा १८ टक्के आजीवन कर धरला तर सुमारे ५३ लाख. एक कोटीची गाडी बंगळूरच्या रस्त्यावर उतरेपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास जाते. म्हणजे गाडीच्या मूळ किमतीच्या अडीचपट रक्कम सरकारकडे जाते. हा आकडा ऐकला की कोणाच्याही मनात येते, दुबईत किंवा इंग्लंडमध्ये हीच गाडी इतकी स्वस्त मिळते, तर आपणच का आणू नये?

पण या स्वप्नाला कायद्याने फारशी जागा ठेवलेली नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. चालकाचे चाक उजवीकडेच हवे. ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. तिच्यावरचे शुल्क नव्या गाडीहून जास्तच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिकडे तुम्ही किती पैसे मोजले यावर शुल्क ठरत नाही. ती गाडी नवी असताना तिची किंमत किती होती, हे पाहून त्यातून ठरावीक घसारा वजा करून सीमाशुल्क खाते स्वतः मूल्य काढते. तुम्ही घासाघीस करून अर्ध्या किमतीत मिळवली असली, तरी ते कौशल्य बंदराच्या फाटकाबाहेरच राहते. परदेशातला मुक्काम संपवून कायमचे परतणाऱ्यांना घरसामानावर सवलत मिळते, पण मोटारगाडी त्या सवलतीत बसत नाही.

म्हणजे सरळ मार्गाने फारशी बचत उरत नाही. तरीही लोक बचत करतात, तेव्हा ते नेमके काय वाचवतात? गेल्या काही वर्षांत उघडकीला आलेली प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की उत्तर दिसते. सीमाशुल्काच्या आणि नोंदणीच्या कागदावर मुळात चार साधे प्रश्न असतात. गाडी कितीची? कोणाची? किती दिवसांसाठी? आणि राहणार कुठे? बचतीचा प्रत्येक आडमार्ग या चारपैकी एका प्रश्नाचे खोटे उत्तर आहे.

‘कितीची’ या प्रश्नाचे खोटे उत्तर म्हणजे कमी किमतीचे बिल. अमेरिकेतली किंवा जपानमधली गाडी आधी दुबईला किंवा श्रीलंकेला न्यायची, तिथे डावीकडचे चाक उजवीकडे बसवायचे आणि निम्म्या किमतीचा कागद जोडून भारतात उतरवायची, अशा प्रकारचे जाळे महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२५ मध्ये उघड केले. ‘कोणाची’ या प्रश्नाचे खोटे उत्तर जुलै २०२१ मध्ये समोर आले. परदेशी राजदूतावासातल्या अधिकाऱ्यांना गाडी आणताना शुल्कमाफी असते. त्यांच्या नावावर मुंबई बंदरातून गाड्या सोडवून त्या भलत्याच माणसांच्या दारात पोहोचवल्या जात होत्या. ‘किती दिवसांसाठी’ याचे खोटे उत्तर कार्नेच्या आडून दिले जाते. कार्ने हा पर्यटकासाठी असलेला परवाना. त्यावर परदेशात नोंदलेली गाडी काही महिन्यांसाठी शुल्क न भरता आणता येते, पण तिने परत जायचे असते. काही गाड्या परत जातच नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांचा माग काढला, तेव्हा या चारही प्रश्नांची मिसळ झालेली दिसली. त्या मोहिमेला खात्याने नाव दिले होते ‘नुमखोर’. भूतानच्या झोंखा भाषेत त्याचा अर्थ वाहन.

राहता राहिला चौथा प्रश्न, राहणार कुठे? हा सर्वांत सौम्य दिसतो. इथे बंदर नाही, खोटे बिल नाही, राजदूत नाही. सीमाशुल्क पैन् पै भरलेले असते. फक्त नोंदणी पुदुच्चेरीत केलेली असते, जिथे कर नाममात्र, किंवा महाराष्ट्रात, जिथे कराला छत आहे. (ते छत आता ३० लाखांचे आहे.) मोटार वाहन कायद्याचे ४० वे कलम सांगते की, मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, तिथे तिची नोंदणी व्हावी. ४७ वे कलम सांगते की, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तिथला क्रमांक घ्यावा. म्हणजे नंबर प्लेट हा एक पत्ता आहे. तो गाडीच्या पुढे आणि मागे, मोठ्या अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा लिहिलेला असतो.

त्या फेरारीच्या मालकाचा न्याय मला इथे करायचा नाही. त्याची तिकडची नोंदणी खरीही असेल. आणि मागितल्या दिवशी त्याने कर भरला. पण ज्यांचे घर, कचेरी आणि गाडीचे तळघर सगळे बंगळुरात आहे आणि गाडीचा पत्ता मात्र भाड्याने घेतलेला पुदुच्चेरीतला एक दरवाजा आहे, त्यांच्या बाबतीत पैशाआधी एक वाक्य चुकीचे असते. ‘मी इथे राहत नाही’ हे ते वाक्य. रस्ता वापरताना मी इथला, पैसे देताना मी तिथला.

यावर दिला जाणारा बचाव दुबळा नाही, त्यामुळे तो नीट ऐकला पाहिजे. एक कोटीच्या वस्तूवर अडीच कोटी घेणारा कर हा कर आहे की खंडणी? ज्या देशात खेळाच्या गाड्या बनतच नाहीत, तिथे हे शुल्क कोणाचे संरक्षण करते? शिवाय सरकार स्वतः तरी या दराला पवित्र कुठे मानते? २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरलेल्या कोट्यापुरत्या गाड्यांवर शंभराच्या वरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे कबूल केले आहे. काल जो दर देशहिताचा होता, तो कराराच्या टेबलावर देवघेवीचा झाला. मग नागरिकानेच त्याला नैतिक नियम का मानावे?

या बचावातला पहिला भाग मला मान्य आहे. दर अवाजवी असू शकतो. श्रीमंतांवरचा म्हणून कोणताही कर आपोआप न्याय्य होत नाही. पण अन्यायी कर मोडण्याची एक परंपरा आपल्याच किनाऱ्यावर आहे. १९३० मध्ये शिरोड्याला आणि थोडे दक्षिणेला अंकोल्याला लोकांनी मिठाचा कायदा मोडला. एक गाव मराठी मुलखातले, दुसरे कन्नड, समुद्र एकच. त्यांनी ते दिवसाढवळ्या केले, आधी सांगून केले आणि लाठ्या खाऊन तुरुंगात गेले. मिठाचा खोटा पत्ता त्यांनी दिला नाही. कर अन्यायी आहे असे ज्याचे खरेच मत असते, तो ते मत झाकून ठेवत नाही. जो झाकतो, त्याचा राग कराच्या दरावर नसतो. दर तसाच राहावा आणि इतरांनी तो भरावा, एवढीच त्याची इच्छा असते. किंबहुना सगळ्यांनीच पुदुच्चेरीत नोंदणी केली, तर पुदुच्चेरीचा स्वस्त दर टिकणार नाही. त्याची बचत बाकीच्यांच्या प्रामाणिकपणावर उभी असते.

१७९५ मध्ये लिहिलेल्या ‘शाश्वत शांततेकडे’ या निबंधाच्या परिशिष्टात इमॅन्युएल कान्टने एक कसोटी दिली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित असलेली जी कृती, तिच्यामागचा हेतू उघड सांगितला तर साधतच नाही, ती कृती अन्यायाची असते. कान्ट राज्यांबद्दल बोलत होता, पण कसोटी गाडीच्या कागदांनाही लागू पडते. ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेणारी माणसे बंगळुरात पुष्कळ आहेत. ती सोय २०२१ मध्ये बदलीच्या नोकऱ्यांसाठी आली आणि तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. ‘मी पैसे वाचवायला हा क्रमांक घेतला,’ असे तो माणूस आरटीओच्या खिडकीवर मोठ्याने म्हणू शकतो. त्याचे काही बिघडत नाही. ‘मी पैसे वाचवायला पुदुच्चेरीत राहतो असे लिहिले,’ हे मात्र खिडकीवर म्हणता येत नाही. बचत आणि चुकवेगिरी यांतला फरक रकमेत सापडत नाही, तो या मोठ्याने म्हणता येण्यात सापडतो.

कराशी भांडावे, पण उघड, या वाटेची एक गाजलेली गोष्ट शेजारच्या तमिळनाडूत आहे. अभिनेते विजय यांनी २०१२ मध्ये इंग्लंडहून रोल्स रॉइस घोस्ट आणली. सीमाशुल्क भरले, पण राज्याच्या प्रवेशकराविरुद्ध ते मद्रास उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये एकल न्यायाधीशांनी याचिका फेटाळली, एक लाखाचा दंड ठोठावला आणि कर ही देणगी नसते, अशा अर्थाचे कडक ताशेरे ओढले. जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठाने ते ताशेरे काढून टाकले. मला हा दुसरा निर्णय रास्त वाटतो. न्यायालयात जाऊन ‘हा कर माझ्यावर लागू नाही’ म्हणणारा नागरिक चुकीचा असू शकतो, हरू शकतो, पण तो खोटे बोलत नसतो. त्याला करबुडव्यांच्या रांगेत उभे करणे म्हणजे उघड वाट बंद करून चोरवाट रुंद करणे.

मराठी वाचकाला या संदर्भात आणखी एक फेरारी आठवल्याशिवाय राहणार नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने २९ वे कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, मायकेल शुमाकरच्या हातून. भारतात आणताना तिच्यावर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये शुल्क लागत होते. ते माफ करण्याचे केंद्र सरकारने ठरवले, तेव्हा २००३ मध्ये वादळ उठले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क फियाटने भरले. इथे कोणीही खोटा पत्ता दिला नव्हता. किंमत, मालक, मुदत, ठिकाण, चारही उत्तरे खरी होती. सगळे उघड्यावर झाले आणि उघड्यावर झाले म्हणूनच लोकांना बोलता आले, न्यायालयात जाता आले, चूक निस्तरता आली. ज्याच्यावर देश जीव ओवाळून टाकत होता, त्याच्यासाठीही शंभर कोटींच्या वर माणसांचा नियम वाकवू नये, असे म्हणणारी माणसे निघाली, ही माझ्या मते त्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट. चोरवाटेचे वाईट हे की तिथे असे कोणाला म्हणताच येत नाही.

आता नुकसान कोणाचे होते ते पाहू. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक पाहणीत जगातल्या सर्वांत संथ शहरांत बंगळूर तिसरे आले. दहा किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटे. पुणे लगेच मागे, चौथे. एसएफ ९० ताशी ३४० किलोमीटर धावू शकते. ती आउटर रिंग रोडवर दुधाच्या टेम्पोमागे रांगत असते, तेव्हा तिच्या मालकाची आणि टेम्पोवाल्याची अडचण एकच असते. रस्ता कमी आहे, खड्डे जास्त आहेत, पूल अर्धा आहे. टेम्पोवाल्याने त्याच्या टेम्पोचा कर इथेच भरलेला असतो. तो भरण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते, कारण पुदुच्चेरीत दरवाजा भाड्याने घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नाहीत. चोरवाट वापरायलाही भांडवल लागते. करचुकवेगिरी ही श्रीमंतांची खास सोय होते ती अशी, आणि त्या सोयीचा खर्च खालच्या माणसाच्या वाट्याला येतो.

आणखी एक माणूस यात भरडला जातो, त्याची बातमी होत नाही. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून नोकरीसाठी बंगळूरला आलेला, जुनी वॅगन आर घेऊन आलेला. सिग्नलवर ‘एमएच’ दिसले की त्याला बाजूला घेतले जाते. बारा महिने झाले की त्याने जुन्या आरटीओचे ना-हरकत पत्र मिळवायचे, इथला कर भरायचा, मग तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागत कागद पाठवत राहायचे. इथे दोष राज्याचाही आहे आणि तो लपवू नये. एक देश, एक बाजार म्हणायचे आणि गाडीने सीमा ओलांडली की तिला परकी ठरवायचे, हे नागरिकाला खोट्याकडे ढकलणे आहे. पण खोट्या पत्त्याच्या गाड्या जितक्या वाढतात, तितका खऱ्या स्थलांतरितावरचा संशय वाढतो. फेरारीने बोललेल्या खोट्याचा खुलासा वॅगन आरला करावा लागतो.

मराठीत जकात हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ, धर्माने सांगितलेले दान. आपल्याकडे येईपर्यंत त्यातले दान झडले आणि नाका तेवढा उरला. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, पण नाक्याकडे पाहण्याची आपली नजर तीच राहिली: कसा चुकवता येईल? कन्नडमध्ये शुल्काला सुंक म्हणतात आणि एक म्हण आहे, ‘सुंकदवन मुंदे सुखदुःख हेळिकोंडंते’. जकातवाल्यापुढे आपले सुखदुःख सांगावे तसे, म्हणजे व्यर्थ. त्याला तुमच्या कथेशी देणेघेणे नसते. दोन्ही भाषांनी कर घेणाऱ्याला परका मानले आहे, आणि शतकानुशतके तो परका होताही. सुलतानाचा असे, कंपनीचा असे. त्याला चुकवणे ही हुशारी होती, कधीकधी जगण्याची गरज होती.

आज खिडकीमागे बसलेला माणूस आपणच नेमलेला आहे, आणि तो ज्या रस्त्यासाठी पैसे मागतो तो रस्ता आपणच संध्याकाळी शिव्या घालत ओलांडतो. तो कामचुकार असेल, दर अवाजवी असेल, रस्ता वाईटच राहील. या सगळ्याबद्दल त्याच्याशी भांडता येते, निवडणुकीत आणि न्यायालयात भांडता येते. पण त्यासाठी आधी ‘मी इथे राहतो’ एवढे तरी खरे सांगितलेले असावे लागते. ज्याच्या गाडीवर पुदुच्चेरीचा पत्ता आहे, तो बंगळूरच्या खड्ड्याबद्दल कोणत्या तोंडाने तक्रार करणार?